मोंढ्यातली पट्टी आणि अर्ध्या पैशाचा निकाल

पैशासाठी फ्लोट (संगणकाचा अंदाजे अपूर्णांक) वापरू नका, डेसिमल (जसाच्या तसा दशांश) वापरा, हे जँगो (पायथन भाषेत सॉफ्टवेअर बांधायची चौकट) शिकवणारा प्रत्येकजण पहिल्याच आठवड्यात सांगतो. तेवढं वाक्य पाठ असलं की काम झालं असं वाटतं. परभणीच्या नव्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, माझ्या मावसकाकांची आडत (शेतकऱ्याचा माल विकून देणारं दुकान) आहे. तिथलं हिशोबाचं सॉफ्टवेअर मी यंदा नव्याने बांधलं, तेव्हा कळलं की फील्डचा प्रकार बदलणं हे दुपारच्या चहाआधी उरकणारं काम आहे. त्यापुढचं खरं काम असतं: अर्धा पैसा उरला तर तो कुणाच्या पदरात घालायचा, हे ठरवणं.

आधीचं सॉफ्टवेअर कुणीतरी बाहेरून करून दिलेलं होतं. जँगोच होतं, खाली एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस), आणि मॉडेलमध्ये, म्हणजे टेबलाच्या आराखड्यात, वजन, भाव, रक्कम सगळं फ्लोटफील्ड. एका दुकानापुरतं ते चाललं. सेलूला दुसरं दुकान काढायचं ठरलं, दोन्हीकडचा हिशोब एका ठिकाणी हवा झाला, म्हणून पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसवर जायचं आणि त्यानिमित्ताने मॉडेल मुळातून मांडायचं असं काकांनी माझ्या गळ्यात घातलं.

व्यवहार माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. शेतकरी सोयाबीन किंवा तूर घेऊन येतो, सौदा होतो, माप होतं आणि दुकानातून त्याला पट्टी मिळते. पट्टीवर वजन, क्विंटलचा भाव, मालाची रक्कम. त्याखाली हमाली, तोलाई, आधी उचल घेतली असेल तर ती. सगळ्यात शेवटी देणे. हा कागद शेतकरी खिशात घालून घरी नेतो आणि त्याचा मुलगा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तो परत मांडून बघतो. म्हणजे आमचा खरा तपासनीस गावात बसलेला असतो. पडद्यावरचा हिशोब बरोबर असून भागत नाही, कागदावरचा हाताने जुळला पाहिजे.

फ्लोटचं रडगाणं फार लांबवत नाही. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक ती संख्या द्विमान पद्धतीत, फक्त ० आणि १ वापरून साठवतो आणि ०.१ तीत पूर्ण बसत नाही, एवढंच कारण. डेसिमलमध्ये ती जशी लिहिली तशी राहते. मात्र डेसिमल बनवताना कंसात फ्लोट देऊ नये, अवतरणात मजकूर द्यावा. फ्लोटमधला ०.१ दिला तर डेसिमल इमानदारीने ती चूक शेवटच्या आकड्यापर्यंत उतरवून घेतो आणि ०.१०००००००००००००००...५५५१... अशी लांबलचक शेपटी हातात देतो. एसक्यूलाइटची आणखी एक गंमत: त्याच्याकडे खरा दशमान प्रकारच नाही. मॉडेलमध्ये डेसिमलफील्ड लिहिलं तरी अपूर्णांक फाइलमध्ये फ्लोट होऊनच झोपतो. पोस्टग्रेसमधला न्यूमेरिक मात्र दिलेला आकडा जसाच्या तसा ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये मनी नावाचाही एक प्रकार आहे. नाव बघून मोह होतो, पण त्याचं दिसणं आणि पैशाचे अंक सर्व्हरच्या लोकेलवर (देश-भाषेच्या सेटिंगवर) अवलंबून असतात, त्यामुळे मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

डेसिमलफील्डला दोन आकडे द्यावे लागतात, एकूण अंक आणि दशांश चिन्हानंतरचे अंक. एकूण अंकांत दोन्ही बाजूंचे अंक धरतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. १० आणि २ दिले तर डावीकडे आठच अंक उरतात, म्हणजे कमाल रक्कम दहा कोटींना एक पैसा कमी. एका पट्टीला ते रग्गड झालं, पण तेलमिलच्या हंगामाच्या एकत्रित रकमा ठेवायच्या तर उगाच काठावर कशाला राहायचं? मी १२ आणि २ केलं, मर्यादा हजार कोटींवर गेली. वजन क्विंटलमध्ये दोन दशांशांनी ठेवलं, म्हणजे नेमकं किलोपर्यंत.

काही मंडळी सगळं पूर्णांकी पैशात साठवा म्हणतात. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला रक्कम पैशातच द्यावी लागते, तेव्हा त्यात वावगं काही नाही. पण साधं इंटिजरफील्ड घेतलं तर पोस्टग्रेसमध्ये त्याची कमाल २१४,७४,८३,६४७ आहे. ते पैसे धरले तर २ कोटी १४ लाखांच्या आसपास गाडी थांबते, त्यामुळे मोठं इंटिजर लागतं. शिवाय आमचे मुनीमजी अधूनमधून थेट टेबल उघडून बघतात. त्यांना ५३ लाख दिसलं आणि ते प्रत्यक्षात ५३ हजार रुपये निघाले तर दुकानात रामायण होईल. म्हणून रुपयेच ठेवले, दोन दशांशांसह.

इथवर सगळं सुरळीत होतं. नवीन पट्टी पहिल्यांदा छापून मुनीमजींपुढे ठेवली तेव्हा गाठ पडली. उदाहरण असं धरा: सोयाबीन १२.३५ क्विंटल, भाव ४,३३१. (२०२५-२६चा हमीभाव ५,३२८ आहे हे मला ठाऊक आहे. उदाहरणातला भाव बघून ज्यांना हसू येईल त्यांनी एकदा मोंढ्यात येऊन जावं.) मालाची रक्कम ५३,४८७.८५. हमाली क्विंटलमागे साडेसात रुपये, तोलाई तीन रुपये. तोलाई ३७.०५, त्यात वाद नाही. हमाली मात्र ९२.६२५. कागदावर छापलं गेलं ९२.६२, मुनीमजींच्या वहीत ९२.६३.

"भैय्या, तुमचं मशीन एक पैसा खायलंय बगा."

"मुनीमजी, एका पैशाने काय होतंय?"

"एका पट्टीला एक पैसा. दिवसाला पट्ट्या किती व्हायल्या ते बगा की. अन् वहीशी जुळलं नाही तर मी रात्री सही कशावर करू?"

म्हणणं बिनतोड होतं. शोधत गेलो तर कारण सापडलं. पायथनचा डेसिमल अर्ध्यावर आला की डीफॉल्टने जवळच्या सम अंकाकडे झुकतो: ९२.६२५ चा ९२.६२ आणि ९२.६३५ चा ९२.६४. साधा राउंडसुद्धा तसाच वागतो. २.५ ला पूर्णांकात आणलं तर २ येतात, ३.५ चे ४ येतात. यामागे विचार आहे. दर वेळी अर्धा वर ढकलला तर हजारो नोंदींची बेरीज हळूहळू फुगत जाते, सम अंकाकडे झुकवलं तर वर-खाली सारखं पडतं. सांख्यिकीत हे उत्तम. मोंढ्यात मात्र शाळेत शिकवलेला नियम चालतो, पाच आला की वर.

पण खरी मेख पुढे होती. पोस्टग्रेसचा न्यूमेरिक अर्ध्याला शून्यापासून दूर ढकलतो, म्हणजे तिथे ९२.६३ होतात. जँगोच्या टेम्प्लेटमधला (छपाईच्या साच्यातला) फ्लोटफॉरमॅट फिल्टरही अर्धा वरच नेतो. त्यात भर म्हणजे, सेव्ह केल्यावर हातातल्या ऑब्जेक्टमधली (मेमरीतल्या नोंदीतली) रक्कम आपोआप बदलत नाही. टेबलात ९२.६३ गेले तरी मेमरीतल्या ऑब्जेक्टवर ९२.६२५च लटकत राहतात, जोवर आपण टेबलातून ती नोंद ताजी करून घेत नाही. म्हणजे एकाच हमालीला पायथनचा नियम वेगळा, डेटाबेसचा वेगळा, टेम्प्लेटचा त्याचा त्याचा. कुठल्या रस्त्याने आकडा कागदावर आला त्यावर पैसा ठरणार! नव्या माणसाला हे दिसणारही नाही, कारण बऱ्याच पट्ट्यांत अर्धा पैसा येतच नाही.

उपाय एकच दिसला. राउंडिंग कुणाच्याही मर्जीवर सोडायचं नाही. वेगळ्या फाइलमध्ये एक छोटं फंक्शन केलं. त्याला रक्कम आणि नियमाचं नाव द्यायचं, ते क्वांटाइज करून दोन दशांशांची किंवा पूर्ण रुपयाची रक्कम परत देतं. मॉडेलच्या सेव्हमध्ये, रिपोर्टमध्ये, छपाईत, कुठेही थेट राउंड लिहायचा नाही. टेबलात जाणारा आकडा आधीच दोन दशांशांचा असतो, त्यामुळे पोस्टग्रेसला स्वतःचं डोकं चालवायची संधीच मिळत नाही.

मग प्रश्न आला की पैसा कुठे पूर्ण करायचा: प्रत्येक ओळीवर, की शेवटी एकदाच? गणिताच्या दृष्टीने शेवटी एकदाच करणं जास्त अचूक. पण कागदावर हमाली ९२.६३ छापली आणि आतून ९२.६२५ वजा केले, तर शेतकऱ्याच्या त्या पोराचा कॅल्क्युलेटर कधीतरी आमच्याशी जुळणार नाही. जी ओळ छापली जाते ती तिथेच पूर्ण करायची आणि बेरीज-वजाबाकी छापलेल्या आकड्यांचीच करायची, असं ठरलं. वरच्या पट्टीत ५३,४८७.८५ मधून ९२.६३ आणि ३७.०५ गेले, उरले ५३,३५८.१७.

आता हे सतरा पैसे कुणी मोजून देत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी तर २०११च्या जूनअखेर चलनातूनच गेली. देणे पूर्ण रुपयात लागतं. मी जवळचा रुपया करून ५३,३५८ केले, तर काका म्हणाले, "असं नाही करायचं. शेतकऱ्याला द्यायचंय ना? मग वरचा रुपया. आबांच्या काळापासून आपल्या दुकानाची रीत आहे." म्हणजे ५३,३५९, आणि ८३ पैसे कसर-वटावाच्या, म्हणजे किरकोळ फरकाच्या खात्यावर. मला हे आवडलं, पण कोडमध्ये याला एक बारीक काटा आहे. डेसिमलमध्ये 'राउंड अप' आणि 'राउंड सीलिंग' असे दोन नियम आहेत आणि धन रकमेला दोन्हींचं उत्तर सारखंच येतं. पण कधी कधी शेतकऱ्याची उचल मालाच्या रकमेपेक्षा जास्त असते, मग पट्टी उणे निघते. उणे १२०.४० ला राउंड अप लावला तर तो शून्यापासून लांब जातो, उणे १२१ होतात. म्हणजे शेतकऱ्याच्या अंगावर साठ पैसे जास्त. सीलिंग लावला तर उणे १२०, त्याच्या बाजूने. काकांची रीत सीलिंगची आहे. टेस्ट लिहिताना उणे पट्ट्या मुद्दाम घातल्या त्या यासाठीच.

बारदान्याच्या बिलाला मात्र ही रीत चालत नाही. तिथे केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० आहे: कराची रक्कम जवळच्या रुपयात आणायची, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वर, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणून त्या फंक्शनमध्ये तीन नियम झाले, ओळीचा, देण्याचा आणि कराचा. तिन्हींना सरळ मराठी नावं दिली. पायथनला देवनागरीत लिहिलेली नावं चालतात आणि मुनीमजींनाही वाचता येतात.

हमालांच्या वाटणीत वेगळीच तऱ्हा. दिवसाची जमा हमाली टोळीत सारखी वाटायची. समजा हजार रुपये आणि सात माणसं. भागाकार १४२.८५७ च्या पुढे चालूच राहतो. प्रत्येकाला १४२.८६ दिले तर एकूण १,०००.०२ जातात, १४२.८५ दिले तर ९९९.९५. डेसिमल असो नाहीतर आणखी काही, सातने हजाराला भाग जाणार नाही तो नाहीच. इथे मात्र पैशात जाणं सोपं. एक लाख पैसे भागिले सात, प्रत्येकी १४,२८५ आणि बाकी पाच. ते पाच पैसे पाच जणांना एकेक. पाच जणांचे १४२.८६ आणि दोघांचे १४२.८५, बेरीज बरोबर हजार. ते पाच कोण, हे मात्र ठरलेलं पाहिजे, नाहीतर तोच रिपोर्ट संध्याकाळी परत काढला की वेगळी माणसं येतात. बिल्ल्याच्या नंबरानुसार लावलं आणि कुठून सुरुवात करायची ते दररोज एकाने पुढे सरकवलं. टोळीच्या मुकादमाला हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. तो म्हणाला, "उरलेल्याचा आमी च्या पितो, सर." रोख वाटताना ते आपले रुपयेच वाटतात. तरी खात्यावर पैसे जमा करायची वेळ आली की हे लागणारच, म्हणून ठेवलं.

आकडे भरण्याचा भाग मात्र सुखाचा निघाला. मुनीमजींच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे आणि ते '१२५०' असे देवनागरी अंक टाकतात. मी ते बदलायचं फंक्शन लिहायला बसणार होतो, पण डेसिमलला ते अंक थेट दिले तर तो निमूट घेतो. पायथनच्या दस्तऐवजातच तसं लिहिलंय आणि देवनागरीचं नाव घेऊन लिहिलंय. फक्त एचटीएमएलमधला नंबर प्रकाराचा रकाना असले अंक घेईलच याची खात्री नाही, म्हणून रकाना साध्या मजकुराचा ठेवला. स्वल्पविराम मात्र डेसिमलला चालत नाहीत. '१,२५,०००' दिलं की तो एरर फेकतो, ते आधी काढून टाकावे लागतात. दाखवताना उलटं. पायथनची नेहमीची स्वल्पविरामाची सोय तीन-तीनचे गट करते आणि सव्वा लाख १२५,००० असे दिसतात, जे मोंढ्यात कुणी वाचणार नाही. जँगोच्या सेटिंगमध्ये अंकांच्या गटांसाठी ३, २, ० अशी मालिका देता येते, ती दिली की लाख-कोटी जागेवर बसतात.

चलनाचा वेगळा कॉलम ठेवायचा का, यावर मी बराच घोळ घातला. जँगो-मनी नावाचं पॅकेज आहे. त्याचं मनीफील्ड रक्कम आणि चलन असे दोन कॉलम करतं आणि रुपयात डॉलर मिळवायला गेलात तर अडवतं. निर्यात करणाऱ्याला हे हवंच, कारण सगळ्या चलनांना दोनच दशांश नसतात. जपानी येनला एकही नाही, कुवेतच्या दिनारला तीन आहेत. पण आडतीत सगळं रुपयात. नसलेल्या गरजेसाठी प्रत्येक टेबलात एक कॉलम वाढवायचा आणि प्रत्येक बेरजेत त्याला सांभाळायचं, मला पटेना. नाही घेतला.

काका हसले, म्हणाले, "आपल्याकडं दोन चलनं होती की!" कपाटातून आबांची जुनी खतावणी काढली. निजामाच्या काळातली, लाल कापडी बांधणीची, आणि रकमांच्या डोक्यावर कुठे 'हाली', कुठे 'कलदार'. हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, तो हाली. इंग्रजी राज्याचा तो कलदार. सात हालीला सहा कलदार असा सरकारी भाव. म्हणजे शंभर कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. त्यांच्या मापात नेमका हिशोब, तिळभर बाकी नाही, कारण रुपयाच्या १९२ पै होत आणि १९२ ला तीनने भाग जातो. तीच रक्कम डेसिमलमध्ये ११६.६६६ करत पळत सुटते. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि हिशोब सोपा झाला खरा, पण तिघांत वाटणी करायला आबांची पद्धत जास्त सोयीची होती. ती खतावणी मी हौसेने एका वेगळ्या टेबलात घालतोय. त्यात रक्कम पूर्णांकी पैमध्ये आणि शेजारी चलनाचा कॉलम. शेवटी तो कॉलम आलाच, पण जिथे खरोखर दोन चलनं आहेत तिथे.

मोबाइल ॲप करणाऱ्या मुलाशी थोडी खडाखडी झाली. जँगो रेस्ट फ्रेमवर्क (ॲपला सर्व्हरवरची माहिती देणारं पॅकेज) डेसिमल रक्कम जेसनमध्ये, म्हणजे माहिती पाठवायच्या साच्यात, मजकूर म्हणून पाठवतं, मुद्दाम, कारण जावास्क्रिप्टचा आकडा म्हणजे परत फ्लोटच. त्याने '१००.००' आणि '५०.००' अधिक चिन्हाने जोडले आणि पडद्यावर '१००.००५०.००' आले. तो म्हणाला सर्व्हरवरून आकडा पाठवा, मी म्हणालो बेरीज सर्व्हरवर करू, तू फक्त दाखव. बेरजा सर्व्हरवर आल्या. तिथे एक ध्यानात ठेवावं लागतं: ज्या दिवशी एकही पट्टी नसते त्या दिवशीची बेरीज शून्य येत नाही, काहीच येत नाही. जँगो ४.० पासून बेरजेच्या 'सम' फंक्शनला डीफॉल्ट देता येतो, तो दिला. तसंच भाव ठरायच्या आधी माल उतरलेला असेल तर भावाचा रकाना रिकामा राहतो. तिथे शून्य घालायला मी कुणाला परवानगी दिली नाही, डेटाबेसवरच अट घातली की भाव एकतर रिकामा, नाहीतर शून्याहून मोठा.

जुना डेटा आणताना एकच तत्त्व धरलं. छापून दिलेली पट्टी बदलायची नाही, मग ती नव्या नियमाने एक पैसा इकडेतिकडे का असेना. शेतकऱ्याकडचा कागद हा पुरावा. जुने फ्लोट आधी मजकूर करून, मग डेसिमल करून नव्या कॉलमात भरले. जुना कॉलम लगेच पुसला नाही. दोन्हींची दिवसागणिक बेरीज शेजारी ठेवून मुनीमजींच्या रोजकीर्दीशी ताडून बघितली. जिथे पैशाचा फरक निघाला तिथे कारण लिहून नोंद ठेवली आणि जुन्या पट्ट्यांवर 'जुना नियम' अशी खूण केली, म्हणजे पुढे कुणी रिपोर्ट काढला तर त्या परत मोजल्या जाणार नाहीत.

आता व्याजाचं राहिलंय. उचलीवर शेकडा दीड महिन्याला, पण महिना मोडला तर दिवस कसे धरायचे, तीसचा महिना की कॅलेंडरचा, याला काका आणि मुनीमजी वेगवेगळी उत्तरं देतात. दर चार दशांशांच्या फील्डमध्ये ठेवलाय, एवढंच झालंय. दोघांनी एका कागदावर नियम लिहून सह्या करून दिल्याशिवाय मी त्या फंक्शनला हात लावणार नाही, असं सांगून आलोय.